दोन मिलिमीटर शाई

माझ्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ जेमतेम दोन मिलिमीटर होती, तीही फिकट तपकिरी. मतदान केंद्र आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेसमोरच्याच शाळेत होतं. कामाची पाळी सुरू होणार म्हणून मत देऊन मी धावतच परतले आणि शाई वाळायच्या आत हातमोजा चढवला. ती शाई उजेडात गडद होते. माझ्या बोटाला आठ तास उजेडच मिळाला नाही, आणि निम्मी शाई हातमोज्याने टिपून घेतली.

"वन्सं, बोट तर कोरंच दिसतंय," मतमोजणीच्या दिवशी वहिनी म्हणाली. "भावाला मत दिलंत ना नक्की?"

"एका मताने पडला तर माझ्यावर संशय घ्या."

दादा नगरपालिकेला पहिल्यांदाच उभा होता. मोजणीच्या ठिकाणी थांबवत नाही म्हणून मित्राला तिथे बसवून तो घरात येरझाऱ्या घालत होता. बारापैकी नऊ फेऱ्या झाल्या होत्या. एकेचाळीस मतांनी मागे.

माझ्या पर्समध्ये दुसऱ्या गावच्या संशोधन संस्थेचं नोकरीचं पत्र होतं. येणार की नाही, हे आज पाचपर्यंत कळवायचं होतं. तीन आठवडे मी विषय काढला की घरात एकच उत्तर मिळे, "निकाल लागू दे, मग बघू." मलाही ते सोयीचं होतं.

साडेतीनला मी आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला बसले. दिवसातून तीनदा, दोन वर्षं, मीच.

"दादा, निवडून आलास तर?" मी विचारलं.

"मग मी घरात कुठला सापडतोय? आईचं तुलाच बघावं लागेल."

"आणि पडलास तर?"

"शुभ बोल गं!" डोळे मिटूनच आई म्हणाली.

"पडलो तर दुकानात डोकं घालावं लागेल, चार महिने बंदच आहे ते. तेव्हा तर तू हवीसच."

वहिनी हसली. "म्हणजे निकाल काहीही लागो, वन्सं बिनविरोध!"

सगळेच हसले. मीही हसले, पण हात थांबला. आजार असो वा नसो, एकच उत्तर देणारी चाचणी आम्ही प्रयोगशाळेत बाद करतो. मी मात्र तीन आठवडे तसल्याच एका चाचणीच्या निकालाची वाट पाहत बसले होते.

"अगं, दुसरा डोळा राहिला," आई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. दहावी फेरी. दादा झेपावला. मी मध्ये उभी राहिले आणि थेंबांची बाटली त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"डावा डोळा राहिलाय. खालची पापणी ओढायची आणि एकच थेंब. शिकून घे."

"अगं, फोन वाजतोय!"

"वाजू दे. दादा, मी एक तारखेला तिकडे रुजू होतेय."