भाऊबीजेची ओवाळणी

पाचोडच्या काकासाहेबानं बहिणीला वाटा दिला, हे सगळ्या गावाला ठाऊक. दिला, पण कसला? ज्या एकरातली वरची हातभर माती त्यानं आधीच स्वतःच्या वीटभट्टीत घातली होती, तो! वर म्हणाला, "वरीसभर पिकवून दाखव, भागू. नाय जमलं तर सही कर आन् माघारी दे."

भागूबाईनं मका पेरला, खतही टाकलं. मका वीतभर वाढला, जांभळा पडला आणि तिथंच थबकला. तिनं चार रोपं उपटली आणि एसटीनं शहर गाठलं, माती तपासणाऱ्या शैलाताईंकडे. त्यांनी तिच्याकडून सगळी हकिगत ऐकली, मुळं निरखून पाहिली.

"मावशी, मातीत स्फुरद आहे, पण पिकाला घेता येत नाही. मुळांना धरून एक बुरशी राहते, केसाहून बारीक. ती लांबून स्फुरद ओढून आणते, पिकाला भरवते. ती तुमच्या वरच्या मातीबरोबर गेली."

"मंग आता वं ताई?"

"भावाच्या शेतात जुना बांध असेल ना? तिथली गवताच्या मुळांजवळची दोन घमेली माती आणा. पेरताना बियांखाली चिमूटचिमूट टाका. हळूहळू धरेल."

दोनच घमेली! भागूबाईला हायसं वाटलं. भाऊबीजेला तिनं काकासाहेबाला ओवाळलं. चारचौघींच्या देखत मिशीवरनं हात फिरवत त्यानं विचारलं, "बोल, काय घालू ताटात?"

"लुगडं नको, दादा. तुझ्या बांधावरची दोन घमेली माती दे. त्यात पिकाला भरवणारी बुरशी ऱ्हाती म्हणं."

"हात्तिच्या! दोन घमेली कशाला? दोन ट्रॉल्या देतो!"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला, हार घालून. भागूबाई पोचेस्तोवर दोन्ही ट्रॉल्या तिच्या रानात पालथ्या झाल्या होत्या. तिनं मूठभर माती उचलली. लाल, कोरडी, राखेच्या वासाची. भट्टीच्या तळची भाजकी माती! तिच्यात मुंगी जगायची नाही, बुरशी कुठली? भट्टीची जागा त्याला मोकळी करायची होती, ती केली मेल्यानं. बांधाला मात्र कुदळही लागली नव्हती.

शेजारची द्वारकाबाई कौतुकानं म्हणाली, "दोन घमेली मागितली, दोन ट्रॉल्या दिल्या. भाऊ असावा तं असा, बाई!"

भागूबाईनं मूठ सोडली, हात लुगड्याला पुसले.

"व्हय," ती म्हणाली. "सहीला कवा येऊ, तेवढं इचार त्याला."