घाई नाही

दुर्बिणीवर दोन रात्री हव्या असतील तर आधी दुसऱ्यांचे दहा अर्ज तपासून द्यावे लागतात, हा आमच्या धंद्यातला नियम. अर्जावर नाव नसतं. वय, हुद्दा, आधीचं काम, कशाचाही सुगावा लागला तर अर्ज बाद. यामुळे वशिलेबाजी थांबते म्हणतात. थांबली असावी, कारण मी तीनदा नापास झाले होते.

चौथ्या खेपेला माझा अर्ज पाठवून मी जेवणाच्या टेबलावर ते दहा अर्ज मांडून बसले. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. नवरा मधूनमधून येऊन खालचं पातेलं रिकामं करत होता.

"प्लंबरला फोन करणार होतीस."

"करते रे. घाई नाही."

"तुला कशाचीच घाई नसते," तो पातेलं आपटत म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. दिवसभर ज्यांच्याशी माझी गाठ, त्यांच्या हिशेबात लाख वर्षं म्हणजे परवाची गोष्ट.

सातवा अर्ज एका अंधुक ताऱ्याचा होता. दर सदतीस वर्षांनी त्याचा जोडीदार त्याच्यासमोरून जातो आणि नऊ दिवस त्याला ग्रहण लागतं. आता ते येत्या हंगामात होतं. अर्ज नेटका होता, फुशारकी औषधालाही नव्हती. मी शेरा लिहिला, 'काम उत्तम. तथापि घाई नाही. पुढच्या ग्रहणातही करता येईल.' दहापैकी सहा गुण दिले आणि आठवा अर्ज उघडला.

महिन्याने निकाल लागला. मला दोन रात्री मिळाल्या! केक घेऊन मी थेट सरांच्या खोलीत गेले. मला हे काम शिकवलं ते सरांनी, आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. पुस्तकं खोक्यांत भरणं चालू होतं. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं.

"माझा नंबर नाही लागला," ते म्हणाले.

"तुम्ही अर्ज केला होता? कशासाठी?"

"एक जुना तारा आहे. चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा दुर्बिणीला हात लावला तो त्याच्या ग्रहणासाठी. नऊच्या नऊ दिवस ढग. आमचे सर म्हणाले, पुढच्या वेळी बघ." त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "हा शेरा वाच. परीक्षकाचं बरोबर आहे. ताऱ्याला घाई नाहीच."

मी वाचला.

"पण पुढच्या वेळी तुम्ही..."

"अठ्ठ्याण्णव. लिहू कुठे? वय लिहिलं की अर्ज बाद."

"सर, ते मी लिहिलंय."

"ठाऊक आहे. 'तथापि' दिसलं तेव्हाच ओळखलं. तुझ्या प्रबंधातून मी चाळीस उपटून काढले होते." आणि त्यांनी केक कापून मोठा तुकडा मला दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन आधी प्लंबरला फोन केला. मग वेळापत्रक काढलं. माझ्या दोन्ही रात्री ग्रहणाच्या पाचव्या आणि सहाव्या दिवशी होत्या. मिळालेल्या रात्री दुसऱ्या ताऱ्याला द्यायच्या तर त्याचाही अर्ज असतो, आणि त्यातही नाव, वय लिहायचं नाही. माझ्या ताऱ्याचं वय चार कोटी वर्षं. माझी पाचवी खेप येईपर्यंत त्याला काही होत नाही.

कारणासाठी अर्धं पान मोकळं होतं. मी ते भरून विज्ञान लिहिलं, दोन तथापि घातले, वाचलं आणि सगळं खोडलं.

मग लिहिलं, 'घाई आहे.'