लालचंदभाऊंचा इसार

जळगावच्या दाणाबाजारात लालचंदभाऊंचा शब्द चालायचा तो डाळीपुरता. तुरीचा दाणा दाताखाली धरला की मालात ओल किती ते सांगायचे, आणि चाळीस वर्षांत फारसे चुकले नव्हते. असा माणूस सत्तराव्या वर्षी बायोटेक कंपनीचे शेअर घ्यायला निघाला, तेही जुनं गोदाम विकून आलेल्या बारा लाखांचे, म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

कंपनीचं नाव सृजीवा. ती कंपवातावर औषध तयार करत होती, आणि भाऊंच्या पत्नीला, राजकुंवरबाईंना, तीन वर्षांपासून कंपवात होता. हल्ली चहाची बशी त्यांच्या हातात ठरत नसे. भाऊंचं गणित साधं होतं. माल बाजारात यायच्या आधी जो व्यापारी इसाराची रक्कम देऊन ठेवतो, त्याच्या दारात पहिली गाडी लागते. शेअर म्हणजे तरी दुसरं काय? औषध निघालं की पहिलं पाकीट आपल्या घरी. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोसाठी जीव तुटतो हे बोलून दाखवायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माल न पाहता सौदा करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एके सकाळी पॅसेंजर धरून ते नरडाण्याला उतरले आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर ठाण मांडून बसले. ट्रक मोजायला. चांगली डाळमिल असली की बाहेर गाड्यांची रांग असते, हा त्यांचा आडाखा. इथे चार तासांत एक टेम्पो आला, तोही पाण्याचे जार घेऊन.

"शेठ, आठे गाड्या कमीच येतस," टपरीवाल्याला त्यांची दया आली. "बठ्ठं काम मझार काचनी खोलीमा चालस."

सगळं काम आत काचेच्या खोलीत चालतं म्हटल्यावर बाहेर ट्रक मोजून काय कळणार? भाऊ तोंड पाडून परतले. शेवटी नातीला शरण जाणं आलं. विधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि सुट्टीला घरी आली होती. तिने दोन दिवस कंपनीचे अहवाल वाचले आणि तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर आजोबांसमोर येऊन बसली.

"दादाजी, कंपनी खोटी नाही. माणसं हुशार आहेत. पण त्यांच्याकडे औषध एकच, आणि ते अजून चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांतलं एखादंच दुकानात पोहोचतं. हातातला पैसा पुरेल फार तर दीड वर्ष. औषध फसलं तर शेअर रद्दीच्या भावात जाईल. वीस-पंचवीस हजार घाला, गेले तर गेले म्हणून. बारा लाख नको."

"आणि निघालं, तर आपल्याला आधी मिळेल ना?"

"काय आधी?"

"औषध. भागीदार म्हणून."

विधीला हसू आलं होतं, ते आजोबांचा चेहरा पाहून तिथेच विरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "नाही दादाजी. शेअर असले तरी औषध सगळ्यांबरोबरच मिळतं. आणि ते यायला पाच-सहा वर्षं लागतील."

पाच-सहा वर्षं. बाईंचा हात तीन वर्षांत कुठून कुठे गेला हे भाऊ रोज पाहत होते. त्यांना एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

"मग आधी कुणाला मिळतं?" दारातून आवाज आला. राजकुंवरबाई तिथे कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे.

विधी जराशी अडखळली. "चाचणीत भाग घेतात त्यांना, दादी. नाशिकच्या एका रुग्णालयात अजून नावं घेताहेत. पण अर्ध्यांनाच खरी गोळी देतात. बाकीच्यांना दिसायला तशीच, आत औषध नसलेली. कुणाला कुठली मिळाली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. आणि खऱ्या गोळीचा त्रासही होऊ शकतो."

"मुळीच नाही," भाऊ म्हणाले. बारा लाख लावायला निघताना त्यांची पापणी लवली नव्हती, आता एका गोळीची भीती वाटली. "काही कमी-जास्त झालं तर? आणि रिकामी गोळीच वाट्याला आली तर एवढी दगदग फुकट."

बाई भिंतीचा आधार घेत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "गोदाम विकताना मला विचारलंत?"

भाऊंनी बाजूचा तक्क्या त्यांच्या पाठीशी सरकवला.

"मला रिकामी आली, तर खरी दुसऱ्या कुणा बाईला गेली असेल ना? तिच्याही घरी कुणीतरी असंच तोंड पाडून बसलेलं असेल." मग त्या विधीकडे वळल्या. "फॉर्म कुठे भरायचा ते बघ, बेटा. त्रास झाला तर सोडून देईन. पण ठरवायचं मी."

भाऊंनी विधीला विचारलं, पेशंटसोबत एका माणसाला आत बसू देतात का.