हिरड्यांतलं रक्त

तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरभर डेंग्यू पसरला तेव्हा आमच्या दंत महाविद्यालयात एक व्याख्यान झालं, मग लेखी चाचणी. विद्यार्थी, डॉक्टर, आम्ही मदतनीस बायका, सगळ्यांना पैकीच्या पैकी. मिळणारच. उत्तरं ग्रुपवर आधीच फिरली होती. 'हिरड्यांतून रक्त येणं हे डेंग्यूचं लक्षण असू शकतं' यापुढे मीही 'बरोबर'ची खूण केली आणि जेवायला पळाले.

चाचणीनंतर पाचव्या दिवशी माझी थोरली बहीण बी-शिआ दवाखान्यात आली. ती बाजारात मासे साफ करून विकते. दोन दिवस अंग ठणकत होतं, हिरड्यांतून रक्त येत होतं. तापाची गोळी खाऊन आली होती, म्हणून कपाळ गार. मीच बोलावलं होतं तिला. दुसरीकडे कशाला जातेस, माझ्याकडे ये, म्हणाले होते.

खुर्चीपाशी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पो-रुइ होता. तिच्या तोंडात आरसा घालून तो हसला.

"काकू, ब्रश फक्त नवीन वर्षाला करता वाटतं?"

"तीनदा घासते रे दिवसातून! माशांचा वास जात नाही म्हणून. फंग, सांग की याला!"

"सगळे असंच म्हणतात, काकू."

मी म्हटलं, "डॉक्टर, अंगही दुखतंय तिचं. आधी रक्त तपासायचं का?"

त्याने देखरेखीवरच्या येन सरांकडे पाहिलं. पलीकडच्या खुर्चीवरून मान न वळवता सर म्हणाले, "फंग-चिआओ, तू नळी धर. निदान मी करीन. हिरड्या सुजल्यात, दात साफ करून टाक रे."

मी तोंडातली लाळ ओढणारी नळी धरली.

वीस वर्षं झाली, या खोलीत रक्त दिसलं की आम्हाला माणसाचा आळसच दिसतो. नळीतून लाल पाणी जात राहिलं, थांबेना. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती आणि मी तिला सांगत होते, "नाकाने श्वास घे." दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं पाकीटही मीच तिच्या हातात ठेवलं. डेंग्यूत त्या गोळ्यांनी रक्त आणखी वाहतं. हेही व्याख्यानात सांगितलं होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी ती बाजारातच कोसळली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने विचारलं, "या गोळ्या कोणी दिल्या?"

"मी."

त्याने लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही. निदान ओरडला तरी असता.

भेटायची वेळ सकाळी अकरा ते साडेअकरा, मग थेट संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मी इस्पितळाच्या दारात पोचले आणि आरोग्य खात्याचा फोन आला. "रुग्णाच्या घरात डासांची फवारणी आहे. किल्ली तुमच्याकडे ना? अकराला या."

"अकराला मला तिला भेटायचंय. बाराला करा ना!"

"ताई, अख्खी गल्ली वाट बघतेय. नाहीतर कुलूप तोडू. कायदाच आहे तसा."

गेले. कुलूप उघडलं. तोंड बांधलेल्या दोघांनी तिच्या देवापुढच्या फुलदाण्या मोरीत उपड्या केल्या, मला बाहेर काढलं आणि धूर सोडला. मी रस्त्यावर उभी राहून वॉर्डाला फोन लावत होते. बाराला लागला.

"मघाशी शुद्धीवर होत्या," नर्स म्हणाली. "धाकटी आली का, विचारत होत्या. आता घशात नळी घातलीय."

"मग संध्याकाळच्या वेळेला येऊ?"

"वेळ बघू नका," ती म्हणाली. "आत्ता निघा."