एका सतरंजीवरचे दोन झिंगे

मी झिंगा बोलतोय. कालवणातला नव्हे, काचेच्या टाकीतला. पाठ लाल, मधोमध पांढरी रेघ. माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाणं हा माझा धंदा. मासे माझ्यापुढे तोंड उघडून निमूट उभे राहतात. तोंड उघडूनही गप्प राहता येतं, हे माणसांना अजून जमलेलं नाही.

मला समुद्रातून पिशवीत घालून आणलं. मुंबईच्या दुकानातून मी कर्जतच्या एका शेठच्या बंगल्यावर गेलो. शेठ शनिवारी यायचे, टाकीशेजारी फोटो काढायचे आणि रविवारी जायचे. वर्षभरात हौस फिटली. बंगला सांभाळणाऱ्या जितेशला म्हणाले, "घेऊन जा हे सगळं." जितेशनं टाकी, खारं पाणी आणि मला टेंपोत घातलं आणि चौक गावाजवळच्या आपल्या खेड्यात आणलं. ओटीवर खिडकीपाशी टाकी मांडली. अंगण तिथून सगळं दिसतं.

जितेशचे वडील आबाजी गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. त्यांची पद्धत ठरलेली. भांडणारे दोघं एका सतरंजीवर बसवायचे, एका ताटलीत जिलबी मागवायची, अर्धी याच्या हातानं त्याला, अर्धी त्याच्या हातानं याला. मग फोटो. असे बरेच फोटो भिंतीवर आहेत. आबाजींचा सख्खा भाऊ साईनाथ भिंतीच्या पलीकडे राहतो. अंगणात कुणाचा टेंपो उभा राहायचा यावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं नाही. त्यांचा फोटो भिंतीवर नाही.

टाकीचं खरं काम आनंदीबाई करायच्या, जितेशची आई. पाणी आटलं की त्या साधं पाणी घालत, खारं नाही, कारण मीठ खालीच राहिलेलं असतं. त्यांनी हात आत घातला की मी बोटांवर चढून नखांभोवतीची सालं खुडायचो. त्या हात हलवायच्या नाहीत.

मी एकटा बरा होतो. आबाजींना ते बघवेना, त्यांनी जोडीला दुसरा आणायचं ठरवलं. जितेशनं दुकानदाराचं सांगणं सांगून पाहिलं, की पट्ट्यांचा लांब नांग्यांवाला झिंगा कुणाशी जमवून घेत नाही. आबाजी हसले. "माणसांचं जमवलं मी. ह्यो तर झिंगा हाय रं." आणि तो आला. घरात त्याचं नाव फौजदार पडलं.

तरी आमचं निभलं, कारण टाकीत दगडांची रास होती. तो उजवीकडच्या बिळात, मी डावीकडच्या. वाटेत गाठ पडली तर मी मिशा मागे घ्यायचो. प्रेम नव्हतं, पण दोघंही जिवंत होतो.

मग तालुक्याहून समितीच्या पाहणीला माणसं येणार असं कळलं. आबाजी टाकीपुढे उभे राहिले.

"दोघंही लपून बसलेत. पाहुण्यांना काय दाखवू, दगड?"

दुपारी त्यांनी सगळे दगड काढले. आम्हा दोघांचा घास एकाच जागी टाकायला सुरुवात केली. नेमकी माझी कात टाकायची वेळ जवळ आली होती. जुनं कवच टाकलं की आमचं अंग दिवसभर लोण्यासारखं मऊ असतं. तेवढा वेळ बीळ लागतं. माझं बीळ परसात वाळत पडलं होतं.

आनंदीबाई म्हणाल्या, "अवो, दगड घाला परत. ह्यो खात नाय कालपास्नं."

"एका पंगतीला बसू दे गं. सवय व्हईल."

"आमी दोघी जावा कधी भांडलो नाय. का सांगा?"

"का?"

"चुली दोन हायेत म्हणून."

आबाजींनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी कात टाकली. उघड्या वाळूवर, काचेला चिकटून. फौजदार आलाच. दोन पाय गेले, एक मिशी गेली. मी कोपऱ्यात दबलो. तेवढ्यात वरून कान तुटलेला चहाचा कप पाण्यात उतरला, मागून ओळखीचा हात. त्या हातानं फौजदाराला बाजूला सारलं. मी कपात शिरलो.

पाहुणे आले तेव्हा वाळूवर माझं रिकामं कवच पडलेलं, आणि त्यावर फौजदार उभा. अगदी माझ्यासारखंच दिसतं ते.

तालुक्याचे साहेब म्हणाले, "अध्यक्ष, इथं तर खून झालाय."

आबाजींचा चेहरा उतरला. खरंच वाटलं त्यांना मी गेलो असं. आनंदीबाई दारातून म्हणाल्या, "मेला नाय तो. कपात हाय. त्याला त्याची जागा दिली, म्हणून हाय."

साहेबांनी वहीत काही लिहिलं आणि खिडकीबाहेर बघून सहज विचारलं, "पलीकडं कोण राहतं?"

"असतात एक जण," आबाजी म्हणाले.

आनंदीबाईंनी चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला.

पाहुणे गेल्यावर आबाजींनी परसातून दगड आणले, धुतले आणि एकेक करून परत लावले. बराच वेळ ते कपाकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी मला खिडकीतून दिसले. हातात चुन्याची बादली. अंगणाच्या मधोमध वाकून रेघ ओढत होते. अलीकडे एका टेंपोपुरती जागा, पलीकडे एका. निम्म्यावर चुना संपला. साईनाथ दारात उभा राहून कधीचा बघत होता.

"दादा, माझ्याकडं हाय चुना. आणू?"

आबाजी वर न बघता म्हणाले, "आण."

जिलबी नव्हती, सतरंजी नव्हती. फोटो काढायलाही कुणी नव्हतं.

माझे पाय अर्धे फुटलेत. पुढच्या कातीला पुरे होतील. ती वेळ आता जवळ आली आहे, आणि आबाजींच्या भिंतीवर अजून एका फोटोची जागा रिकामी आहे. तेव्हा एवढंच मागणं. पुन्हा कधी आमची एकी करायची लहर आली, तर आधी माझा कप जागेवर आहे का तेवढं बघा.