पास्कांच्या घरचा धूर

नोरीन पास्कला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची लाज वाटली, आणि तीही कशासाठी, तर दारावर लावायच्या एका हिरव्या पानासाठी.

गार्नेट क्रीकच्या डोंगरात सायकलच्या वाटा झाल्यापासून दमलेली, चिखलात लोळलेली माणसं तिच्याकडे मुक्कामाला उतरत. कथील खणणाऱ्या तिच्या बापाने ओंडके चिरून, फळ्या ठोकून बांधलेलं घर. पावसाच्या पाण्याची टाकी, परसात खड्ड्याचा संडास, स्वयंपाकघरात लोखंडी चूल. या मुक्कामांवर म्हातारीचं बरं चाललं होतं. मग पर्यटन मंडळाने फर्मान काढलं. वाटांच्या नकाशावर यापुढे फक्त पर्यावरणस्नेही मुक्काम दाखवणार. तपासणीत पास झालं ते घर दारावर हिरव्या पानाचं चिन्ह मिरवणार, नापास झालं ते नकाशातून पुसलं जाणार. नाव पुसलं की सायकलवाले गेले. ते गेले की नोरीनने लॉन्सेस्टन शहरात मुलाच्या विटांच्या घरात, मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसून मरायचं. तिला मरायला हरकत नव्हती. त्या खोलीत मरायला होती.

खालच्या वळणावरच्या केव्ह मॅडर्नला पान आधीच मिळालं होतं. वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, चरायचे ते आपलं कुरण सपाट करून त्याने तिथे पाहुण्यांना झोपायला पांढरे प्लॅस्टिकचे घुमट ठोकले होते. तो कुंपणावर रेलून म्हणाला, "नोर, जुनं दिसलं की नापास. नवं दिसलं की निसर्ग वाचतो. साधा हिशेब आहे."

"तुझ्या कुरणातल्या वॉलबी कुठे वाचल्या मग?"

"त्यांना पान नाही मिळालं," केव्ह म्हणाला आणि स्वतःच हसला.

हसला तरी नोरीनने त्याचंच ऐकलं. प्लॅस्टिकच्या बाटल्या वितळवून केलेल्या धाग्यांच्या रजया मागवल्या. त्या आल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकीला वेगळी पिशवी. खोली तापवायला भिंतीवर विजेची एक गरम पट्टी बसवून घेतली. आणि पलंगांवरच्या जुन्या वॅगा काढून शेडमध्ये नेल्या.

वॅगा म्हणजे पिठाच्या पोत्यांची गोधडी. पोती उसवायची, आत फाटके कोट भरायचे, दाभणाने टाके घालायचे. आईच्या एकेका वॅगेत कुणाचा कोट आहे ते नोरीनला हाताला कळायचं. हा खरबरीत, बापाचा रविवारचा. हा जाड, लढाईवरून आलेल्या मामाचा. या एका वॅगेखाली चार भावंडं आडवी झोपायची आणि ज्याच्या पायाला गारठा लागेल तो दुसऱ्याला लाथ मारायचा. शनिवारी चुलीपुढे पत्र्याचा टब यायचा. पाणी एकच. आधी धाकटी, मग चढत्या वयाने बाकीचे, शेवटी खाणीतून आलेला बाप. तो उठला की पाण्याचा रंग ओढ्यासारखा व्हायचा, आणि आई तेच पाणी बादलीने उचलून घेवड्याच्या वाफ्याला घालायची. त्या घेवड्याला कुठल्या साहेबाने पान दिलं नाही. शेंगा मात्र वीतभर यायच्या.

आणखी एक रीत होती. पूर ओसरला की ओढ्यात ओंडके अडकून राहत. खाणीवरून परतणारा प्रत्येक जण एक ओंडका खांद्यावर टाकूनच या घराच्या दारात यायचा. रिकाम्या हाताने आला त्याला चुलीजवळ जागा नाही. क्लॅरी पास्कने नोरीनला मागणी घातली तेव्हा तो फुलं घेऊन आला. बापाने त्याला ओसरीवरच बसवला. दुसऱ्या दिवशी तो ब्लॅकवूडचा एवढा मोठा बुंधा ओढत आला की घोड्यानेही मान फिरवली असती. लग्न ठरलं. क्लॅरी गेला, खाण बंद पडली, पण नोरीनने रीत सोडली नाही. सायकलवाल्यांनाही ती फोनवर बजावायची, ओढ्यापासून एक लाकूड घेऊन चढा. हसत हसत चढायचे, पण आणायचे.

तपासणीला आली मंडळाची टेगन डोबेल. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत ती शिकायला नोरीनच्याच पुढ्यात बसायची. आता घोड्याएवढ्या उंच गाडीतून उतरली. चहा प्यायली, रजया चाचपल्या, खूश झाली. संडासात राख टाकतात हे ऐकून आणखी खूश झाली. मग चुलीपुढे थांबली.

तिचं म्हणणं एवढंच होतं की बाकी सगळं झकास आहे, पण लाकडाचा धूर नियमात बसत नाही. उद्या माणूस येऊन धुराड्यावर पत्रा ठोकेल. चूल शोभेला राहू दे, छान दिसते.

नोरीनने पट्टीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि हो म्हणाली. काही पटलं नाही की बाप मुद्दाम खोकायचा; हो म्हणताना तिला त्या खोकल्याची आठवण का झाली, देव जाणे.

तेवढ्यात पायरीवर सायकली आदळल्या. दर हिवाळ्यात येणारी नर्स जासिंटा आणि तिचा मित्र ऱ्हीस. ऱ्हीस ओढा ओलांडताना सायकलसकट पाण्यात गेला होता. ओठ निळे, दात वाजत होते, हातमोजे काढता येत नव्हते. जासिंटाने त्याचे ओले कपडे उतरवले आणि त्याला पट्टीसमोर बसवलं. पट्टी कोमट होती. नव्या रजया घसरत होत्या आणि आत गारच राहत होत्या. नोरीन शेडमध्ये गेली, मामाच्या कोटाची वॅगा घेऊन आली आणि त्याच्याभोवती आवळली. मग चुलीचं दार उघडून तिने आत सुकी साल कोंबली.

टेगन दाराकडे सरकली. हळूच म्हणाली, "मिसेस पास्क, मी जरा गाडीत जाऊन बसते. इथे काय झालं ते मी बघितलंच नाही असं होईल. उद्या पत्रा ठोका, पान लावा."

नोरीनच्या हातात काडी होती. खरं तर पोरीने दार उघडून दिलं होतं. गुपचूप बाहेर पडायचं, घर वाचवायचं.

"कुठे जातेस? उभी राहा इथे."

"मिसेस पास्क, मी तुमच्या भल्याचं सांगते."

"माहीत आहे. पण मी माझ्या घरात चोरून चूल पेटवणार नाही. तू ही एवढी मोठी गाडी घेऊन डोंगर चढून आलीस, त्याचा धूर कोण मोजतं गं? विमानातून उतरून घुमटात झोपतात, त्यांचा? आमच्या बापाने पुराने आणलेलं लाकूड जाळलं, एक थेंब पाणी वाया घालवलं नाही. तुमचा तो 'पर्यावरणस्नेही' शब्द जन्मायच्या आधीपासून आम्ही असेच जगतो. बघ. नीट बघ, आणि बघितलंस ते लिही."

काडी लागली. साल कडकडली. धूर आधी खोलीत आला, मग धुराड्याला वाट सापडली. ऱ्हीसच्या हाताची बोटं सरळ व्हायला बराच वेळ लागला. टेगन खरंच उभी राहिली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, की आणखी कशाने, ते नोरीनने विचारलं नाही. सूप वाढलं, तिलाही वाढलं.

टेगनने पाहिलं तेच लिहिलं. त्याबद्दल नोरीनने तिला कधी बोल लावला नाही.

वसंतात नवा नकाशा आला. डोंगरावर केव्हचे घुमट होते, वर, नोरीनच्या घराच्या जागी, नुसता हिरवा रंग. लॉन्सेस्टनहून मुलाचा फोन आला, खोली रंगवून ठेवली म्हणाला. नोरीन म्हणाली, चांगलं केलंस, भाड्याने दे.

मग तिने शेडमध्ये उरलेली एक फळी शोधली, काळा रंग कालवून तिच्यावर लिहिलं आणि ओढ्याच्या फाट्यावर, केव्हच्या पाटीपेक्षा हातभर उंच, ठोकली: "पास्क. इथे धूर होतो. या."