खांबाला फुटलेलं कुंकू

माझगावच्या आमच्या चार मजली इमारतीत देवी प्रकटली, तेव्हा तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लालबाग-भायखळ्याहून माणसं लोटली होती. मधल्या खांबाला उभी भेग होती आणि भेगेखाली ओलसर पांढरा थर. सागरनाथ महाराज पिवळ्या पाण्यात भिजवलेला रुमाल त्यावर दाबायचे आणि खांब लालभडक व्हायचा.

"आईनं कुंकू सांडलं!" महाराज गरजायचे. "हातोडा लावाल तर वंश बुडेल! एकवीस दिवस समुद्रजलाचा अभिषेक करा. समुद्र म्हणजे आईचं माहेर!"

देवीचं माहेर भाऊच्या धक्क्याला आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी इमारतीचा सचिव. सोमवारी खांबाची दुरुस्ती सुरू व्हायची होती आणि देवी प्रकटली नेमकी रविवारी. शेजारची रिकामी खोली बळकावून महाराजांनी तिला स्वतःचं कुलूपही ठोकलं. माझा संशय बळावला, पण ऐकतंय कोण?

मासे विकणारी गुणवंतीमावशी रोज पहाटे धक्क्यावरून हंडाभर पाणी आणून खांबावर ओतायची. तिचा निमेश जहाजावर होता. दोन महिने त्याचा फोन नव्हता. एकविसाव्या दिवशी पोराचा आवाज ऐकशील, असं महाराजांनी तिला सांगितलं होतं.

अठराव्या दिवशी मी दुरुस्तीच्या इंजिनिअर इरावतीबाईंना घेऊन आलो. त्यांनी रुमाल मागितला.

"सिद्ध वस्त्र आहे ते!" महाराजांनी हात मागे घेतला.

"राहू द्या. मावशी, हळद आणा. आणि तुमच्या पानाच्या डबीतला चुना."

बशीतल्या चुन्यावर हळदीचं पाणी पडलं आणि बशी लाल झाली.

"काँक्रीटमधून पाणी पाझरलं की चुना बाहेर येतो. तोच हा पांढरा थर," इरावतीबाई म्हणाल्या.

"ही आईचीच लीला!"

"मग आई पानाच्या डबीतही राहते का, महाराज?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. इरावतीबाईंनी हातोडी काढली, तशी मावशी खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"नको बाय. तीनच दिवस राहिलेत."

इरावतीबाई थांबल्या. "मावशी, होडीचा खिळा खाऱ्या पाण्यानं कसा होतो?"

"गंजतो. फुगतो. पापुद्रे सुटतात."

"या खांबात लोखंडी सळ्या आहेत. त्या फुगल्या की काँक्रीट आतून फुटतं."

मावशी खांबापासून बाजूला झाली. मग तिनं हातोडी स्वतःच्या हातात घेतली आणि ठोकली. पोकळ आवाज आला, भलामोठा ढलपा खाली कोसळला. आतली सळई पेन्सिलीएवढी उरली होती.

"म्हणजे मी रोज..." मावशीनं हातोडी खाली ठेवली.

"सुरुवात चाळीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं केली, मावशी. तुम्हाला फसवलं गेलं."

महाराजांना शोधायला लोक वळले, तर ते केव्हाच सटकले होते. संध्याकाळपर्यंत खांबाभोवती लोखंडी टेकू लागले आणि तळमजला रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन मी जहाज कंपनीच्या ऑफिसात गेलो. निमेशचा मोबाइल समुद्रात पडला होता, एवढंच. तिथूनच त्यांनी जहाजावर फोन लावून दिला. पोराचा आवाज ऐकल्याबरोबर तिनं विचारलं, "जेवलास का?"

तुमच्या इमारतीला भेग पडली, तर आधी जाणकाराला बोलवा. अडचण असेल, तर जिथं उत्तर मिळेल तिथं जाऊन विचारा. आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यावर पहिला संशय घ्या. त्या खांबावर चार मजल्यांची माणसं राहत होती.